कॉलेजला कुठलं स्टेशन लागतं?

मुंबईत बारावीचा निकाल लागला की पहिली चौकशी टक्क्यांची होते, दुसरी कॉलेजची. कॉलेजचं नाव सांगून झालं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे स्टेशन कुठलं?" मला हा तिसरा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा वाटतो. पुढची तीन वर्षं, आणि आता नव्या धोरणात चार, पोराला किंवा पोरीला उठायचं किती वाजता, जेवायचं कुठे, प्रॅक्टिकल संपल्यावर ग्रंथालयात बसायचं की गाडी गाठायची, हे सगळं त्या स्टेशनावर ठरतं.

या शहराची कॉलेजं नकाशावर मांडून पाहावीत. चर्चगेटला उतरलं की जयहिंद, के. सी., एच. आर., शासकीय विधी महाविद्यालय, सिडनहॅम, एसएनडीटी ही सगळी चालत जाण्याच्या टप्प्यात. सीएसएमटीहून महापालिका मार्गावर झेवियर्स. चर्नी रोडला उतरून चौपाटीकडे वळलं की विल्सन. भायखळ्याला ग्रँट मेडिकल. परळला सेठ जी. एस. मेडिकल आणि महर्षी दयानंद. दादरला कीर्ती. माटुंग्याला रुइया, पोदार, व्हीजेटीआय, आयसीटी, खालसा, आणि रूळ ओलांडून पश्चिमेला माटुंगा रोडजवळ रुपारेल. पार्ल्याला पूर्वेकडे साठ्ये आणि डहाणूकर, पश्चिमेकडे मिठीबाई आणि एन. एम. मुलुंडला वझे-केळकर, ठाण्यात बांदोडकर आणि जोशी-बेडेकर, डोंबिवलीत पेंढरकर, कल्याणला बिर्ला. एका ठिकाणी तर क्रमच उलटा झाला. घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मधे सोमय्यांच्या संस्थेने 1959 साली कॉलेज काढलं आणि तिथल्या स्टेशनाला नाव मिळालं विद्याविहार.

ही रांग अशीच लागलेली नाही. 1857 च्या जुलैत विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा शहर म्हणजे मुख्यतः फोर्ट, गिरगाव, भायखळा. म्हणून जुन्या संस्था तिथे आहेत. 1845 चं ग्रँट मेडिकल, 1855 चं विधी महाविद्यालय, 1869 चं झेवियर्स. एल्फिन्स्टन तर विद्यापीठाहूनही जुनं. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर 1862 साली पदवीधर झाले ते याच विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत. राजाबाई टॉवर त्या वेळी उभाही नव्हता. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो 1878 साली पुरा झाला.

पुढे 1896 च्या प्लेगने शहराला उत्तरेकडे ढकललं. 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याला आखीव रस्ते आणि बागा झाल्या, मध्यमवर्ग तिकडे राहायला गेला, आणि वस्तीपाठोपाठ कॉलेजं आली. व्हीजेटीआय 1923 साली भायखळ्याहून माटुंग्याला आलं. 1937 साली रुइया आणि खालसा, 1941 साली पोदार. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी अंगावरच्या कपड्यांनिशी येऊनही आधी शाळा-कॉलेजं उभी केली. हैदराबाद सिंधमधलं नॅशनल कॉलेज 1949 साली वांद्र्याला पुन्हा सुरू झालं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातल्या प्राध्यापकांनी 1948 साली जयहिंद काढलं. उल्हासनगरचं चांदीबाई हेही त्याच समाजाचं काम. पार्ल्यातल्या मराठी शिक्षणसंस्थांनी साठ्ये आणि डहाणूकर काढली, गुजराती मंडळींच्या विश्वस्त संस्थेने पश्चिमेला मिठीबाई. कुठला समाज कुठे वसला, कधी वसला आणि आपल्या मुलांसाठी त्याने काय मागितलं, हे या शहरात कॉलेजच्या पाटीवरून वाचता येतं. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 साली पुण्यात काढलेलं महिला विद्यापीठ, म्हणजे आजचं एसएनडीटी, 1936 साली मुंबईत आलं, तेही ठाकरसींच्या देणगीच्या आधाराने.

या सगळ्यांत एका कॉलेजपाशी मला थांबावंसं वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 च्या जूनमध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि वर्ग सकाळचे ठेवले. कारण साधं होतं. ज्यांच्यासाठी कॉलेज काढायचं त्यांना दिवसा नोकरी करणं भाग होतं. सकाळी तास करायचे आणि तिथूनच कामावर जायचं. बाबासाहेब स्वतः सिडनहॅममध्ये प्राध्यापक आणि विधी महाविद्यालयात प्राचार्य राहिलेले होते. कॉलेजची वेळ कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. वेळापत्रक ही मुंबईत सामाजिक न्यायाची गोष्ट आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

आजही बहुतेक पदवी वर्ग सकाळी सात-साडेसातला भरतात. त्यामागे मुख्य कारण जागेचं. एकाच इमारतीत सकाळी सीनियर कॉलेज, दुपारी ज्युनियर, आणि दोन्हींच्या फटीत स्वयंअर्थसहाय्यित कोर्स. सकाळी सातचा तास फोर्टात आणि घर बदलापुरात असेल तर पहाटे साडेचारला उठावं लागतं. पहिल्या महिन्यात सगळे उठतात. गणपतीनंतर पहिला तास बुडायला लागतो, दिवाळीपर्यंत त्या विषयाची हजेरी पन्नास टक्क्यांवर येते. विद्यापीठाच्या नियमानुसार हजेरी 75 टक्के लागते. मग डिफॉल्टरच्या यादीत नाव, पालकांना बोलावणं, वैद्यकीय दाखल्यासाठी धावपळ. यात पोरगं आळशी आहे असं घरी ठरतं, आणि मला ते फार लागतं. कारण बहुतेक वेळा चूक जून महिन्यातच, अर्ज भरताना झालेली असते.

म्हणून अर्ज भरण्याआधी करायचं एक काम. जे कॉलेज मनात आहे तिथलं चालू वर्षाचं वेळापत्रक मागावं. नोटीस बोर्डावर लागलेलं असतं, फोटो काढता येतो. त्यात पहिला तास पाहावा, शेवटचा पाहावा, आणि मुख्य म्हणजे मधली भोकं पाहावीत. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे विषय असे सगळे मिळून एका सत्रात साधारण 22 श्रेयांक (क्रेडिट) होतात. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे 15 तास. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला बावीस तास नुसते बसायचे. प्रॅक्टिकलच्या श्रेयांकाला याच्या दुप्पट, 30 तास लागतात. ओपन इलेक्टिव्ह सगळ्या शाखांना एकत्र द्यायचं असल्याने तो तास सगळ्यांना सोयीचा शोधावा लागतो आणि बहुधा कोणालाच सोयीचा मिळत नाही. सातला मेजर, नऊला सुट्टी, साडेबाराला इलेक्टिव्ह. जवळ राहणारा घरी जाऊन जेवून येतो. विरारचा मुलगा साडेतीन तास कट्ट्यावर बसतो. कॉलेजचं वाचनालय त्या वेळात उघडं असेल आणि बसायला जागा असेल तर त्याच साडेतीन तासांचं सोनं होतं. वाचनालयाची वेळ आणि वाचनकक्षातल्या खुर्च्या, हे दोन्ही प्रत्यक्ष जाऊन बघावं. कॉलेजच्या माहितीपुस्तकात ग्रंथसंख्या दिलेली असते, खुर्च्यांची दिलेली नसते.

दुसरी गोष्ट अनुदानाची. मुंबईतल्या एकाच कॉलेजात दोन कॉलेजं नांदतात. बीए, बीकॉम, बीएस्सी या जुन्या शाखांतल्या बहुतेक तुकड्या अनुदानित. शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून फी काही हजारांत राहते. बीएएफ (लेखा आणि वित्त), बीबीआय (बँकिंग आणि विमा), माध्यम-अभ्यास, आयटी हे विनाअनुदानित. तिथे सगळा खर्च फीमधून निघतो आणि फी कित्येक पट होते. बाक तोच, कँटीन तेच, पदवीवर शिक्का त्याच विद्यापीठाचा. पालक कॉलेजचं नाव पाहून मोठी फी भरतात आणि त्यांना वाटतं, नावाजलेले प्राध्यापक शिकवणार. बऱ्याचदा ते अनुदानित बाजूला असतात, आणि या बाजूला तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक असतात. त्या शिक्षकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एका कॉलेजात दोन तास, दुसऱ्यात तीन, मधे लोकल, आणि मोबदला घेतलेल्या तासापुरता. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा किंवा पीएचडी झालेली माणसं वर्षानुवर्षं अशी राबतात. अनुदानित बाजूलाही निवृत्तांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत, हे मुंबईच्या उच्च शिक्षणाचं आजचं सर्वांत खोल दुखणं आहे. प्रवेश घेताना विभागात पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारायला संकोच करू नये.

बीएमएस, बीबीए, बीसीए या व्यवस्थापनाच्या आणि संगणकाच्या कोर्सची वाट 2024 पासून निराळी झाली. ते एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, लागू झाली. नाव जवळपास तेच आणि सीईटी नको, असे बीकॉमच्या छत्राखालचे कोर्सही आहेत. अर्जावर कोर्सचं पूर्ण नाव अक्षर न अक्षर वाचावं.

प्रवेशाची साखळी तशी सरळ आहे, घोडं अडतं ते कागदांवर. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करायची आणि तिची प्रत काढून ठेवायची. नंतर प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरायचा. ज्या कॉलेजात अकरावी-बारावी झाली तिथे इनहाउसला प्राधान्य मिळतं. पाठोपाठ तीन गुणवत्ता याद्या लागतात, प्रत्येकीला फी भरायला मोजके दिवस. पहिल्या यादीतला आकडा पाहून हातपाय गाळायचे नाहीत. वरच्या पाच-सहा कॉलेजांच्या याद्यांत तीच ती मुलं असतात. ती एका ठिकाणी बसली की बाकीच्या जागा मोकळ्या होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या यादीत खुल्या जागांचा कटऑफ उतरतो. मात्र इनहाउसची मुलं भरपूर असलेल्या नामांकित कॉमर्स कॉलेजात तो फारसा हलत नाही, कारण बाहेरच्यांसाठी जागाच थोड्या उरतात.

कागदांत सर्वांत जास्त घात करतं ते नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. त्याची मुदत 31 मार्चला संपते, मग ते एका वर्षाचं असो की तीन वर्षांचं. एका वर्षाचं फेब्रुवारीत काढलेलं जूनमध्ये चालेल असं वाटतं, आणि खिडकीवर कळतं की संपलं. व्यावसायिक कोर्सला जातवैधता लागते. त्याचा अर्ज अकरावीत असतानाच जिल्हा पडताळणी समितीकडे टाकावा. वडिलांचं किंवा काकांचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. आजोबांचा शाळेचा दाखला गावी, गाव रत्नागिरीत, शाळेचं जुनं रजिस्टर जीर्ण, अशा गाठी सुटायला महिने जातात. सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना आधीच्या बोर्डाचं मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) आणि विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रता मंजुरी) लागते. ती राहून गेली तर त्रास प्रवेशाच्या वेळी होत नाही, परीक्षेच्या किंवा निकालाच्या वेळी होतो. नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती इथेच अडकते, शिवाय खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत माहीत नाही म्हणून एखादी मुलगी मागे राहू नये, एवढी तळमळ आहे.

आणखी एक. प्रवेश रद्द करून दुसरीकडे जाताना मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे. फी किती परत मिळणार हे प्रवेशाच्या अंतिम तारखेवरून ठरतं, आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. रद्द करायचं तर अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

विज्ञानाकडे जाणाऱ्यांनी जर्नलशी सलगी करावी. तपकिरी कागदाचं कव्हर, पहिल्या पानावर छापील प्रमाणपत्र, दुसऱ्यावर अनुक्रमणिका: प्रयोगाचा क्रमांक, नाव, तारीख, पान, सही. उजव्या पानावर शाईने लिहायचं, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणाचे तक्ते. प्रयोग झाला की त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं. वर्षाअखेरी विभागप्रमुखांची सही आणि शिक्का बसला की जर्नल सर्टिफाय झालं. त्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. साठलेले आठ प्रयोग एका रात्रीत उतरवणारा मुलगा आकृत्या सुंदर काढतो, पण तोंडी परीक्षेत त्याला ब्युरेटचं वाचन दुसऱ्या दशांशापर्यंत का घेतलं हे सांगता येत नाही. प्रॅक्टिकलची तुकडी साधारण वीसची. तुमची तुकडी दुपारची लागली तर पहाटेचा आणि संध्याकाळचा, दोन्ही गर्दीचे प्रवास वाट्याला येतात. तुकड्या पाडतात तेव्हाच लांब राहणाऱ्याने विभागात जाऊन सांगावं. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

परीक्षेबद्दल एकच जुनी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. पण सतरा लाखांच्या घरातल्या उत्तरपत्रिका, ऐन वेळी दिलेलं कंत्राट, सरावाला वेळ न मिळालेले प्राध्यापक, आणि मूळ उत्तरपत्रिकेपासून तुटलेल्या पुरवण्या. निकाल महिनोन्‌महिने लांबले, परदेशातले आणि नोकरीतले प्रवेश गेले, कुलगुरूंना जावं लागलं. तेव्हापासून शहाणी मुलं पुरवणीवरचा बारकोड आणि क्रमांक दोनदा तपासतात. निकाल अनपेक्षित लागला तर छायाप्रत मागवून, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवून, मगच पुनर्मूल्यांकनाला जावं. मुदत निकालाच्या तारखेपासून धावते, गुणपत्रिका हातात पडल्यापासून नव्हे. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर ती कुठल्या हेडमध्ये, अंतर्गत की लेखी, हे आधी पाहावं. अंतर्गतची केटी पुष्कळदा राहिलेल्या एका प्रकल्पाची असते आणि ती कॉलेजातच सुटते.

पदव्युत्तरला आलं की बहुतेकांची वाट कलिन्याकडे वळते. 1971 नंतर विद्यापीठाचे विभाग फोर्टातून इथल्या विद्यानगरीत आले. हे संकुल मात्र कुठल्याच स्टेशनाच्या दारात नाही. सांताक्रूझ पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून बस धरायची, आणि सीएसटी रोड तुंबलेला असला की चालणारा आधी पोचतो. परीक्षा भवन कलिन्यात, कुलगुरूंचं कार्यालय फोर्टात. कुठल्या कामाला कुठे जायचं हे घरून निघण्याआधी फोन करून विचारलं नाही तर दिवस वाया जातो. नोकरी करून शिकणाऱ्यांचं दूरशिक्षण केंद्रही इथेच आहे. 1971 पासून ते चालू आहे आणि सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांनी सुरू केलेलं काम निराळ्या मार्गाने करत आलंय.

या विद्यापीठाची हद्द आज पालघर ते सिंधुदुर्ग अशी सात जिल्ह्यांची आहे, संलग्न कॉलेजं आठशेच्या पुढे. कधीकाळी ती सिंध, गुजरात, धारवाडपर्यंत होती. मुक्तीनंतर 1985 साली स्वतःचं विद्यापीठ होईपर्यंत गोव्याची कॉलेजंही याच विद्यापीठाला जोडलेली होती. आजची हद्दही एवढी लांब असल्यामुळे सावंतवाडीतला विद्यार्थी आणि कुलाब्यातली विद्यार्थिनी एकाच प्रश्नपत्रिकेला बसू शकतात. एमएसाठी कोकणातून येणाऱ्याला खरी अडचण अभ्यासाची नसते, खोलीची असते. विद्यापीठाच्या आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत जागा मोजक्या, आणि अर्ज प्रवेशाबरोबरच करावे लागतात. दोन आठवडे उशीर झाला की नातेवाइकांच्या दहा बाय बाराच्या खोलीत अंथरूण पडतं.

शेवटी रेल्वेचा सवलतीचा फॉर्म. ओळखपत्र आणि फीची पावती दाखवून तो कॉलेजच्या कार्यालयातून घ्यायचा. खिडकी दिवसातून थोडाच वेळ उघडी असते, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत येते, म्हणून पास संपण्याच्या चार-पाच दिवस आधी जावं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, जन्मतारीख, वर्ग, मासिक की त्रैमासिक. त्रैमासिक घेतला तर वर्षात आठ रांगा वाचतात. खाडाखोड चालत नाही, पुसट शिक्का चालत नाही, आणि फॉर्म थोड्याच दिवसांत बाद होतो. स्टेशन घराजवळचं आणि कॉलेजजवळचं, एवढंच लिहायचं. लाइन बदलणाऱ्याने 'व्हाया दादर' लिहून घेतलं आहे ना, हे खिडकी सोडण्याआधी पाहावं.